हिशेबातून भेटलेले नामदार गोखले : गुहागरच्या एका सहलीविषयी

गुहागर परिसरात देवळे, किनारे आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या सहलींना तोटा नाही. त्यात गेल्या हंगामापासून एका वेगळ्या सहलीची भर पडली आहे. गुहागरजवळ घरगुती निवास चालवणाऱ्या एका दांपत्याने नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जीवनावर दिवसभराची सहल सुरू केली असून, सकाळी आठला निघून दिवस मावळताना परत, माणशी बाराशे रुपये, त्यात जीप, न्याहारी, दुपारचे जेवण आणि माहिती सांगायला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, असे तिचे स्वरूप आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझी पत्नी, रत्नागिरीहून आलेली माझी बहीण आणि तिचा सातवीतला नातू असे चौघे या सहलीला गेलो. आमच्याखेरीज चिपळूणचे एक कुटुंब होते. जीपमध्ये एकूण आठ माणसे मावली, पण नववा असता तर मावला नसता.

जाण्यापूर्वी माझ्या मनात एक शंका होती आणि ती मी सहल चालवणाऱ्या काकांना दूरध्वनीवर बोलूनही दाखवली होती. टिळकांचे जन्मघर रत्नागिरीत उभे आहे, ते दाखवता येते. मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडेही दाखवता येते. गोखल्यांचे मात्र कोकणात जन्मापलीकडे फारसे काही घडले नाही. बालपण कागलला, शिक्षण कोल्हापूर, पुणे आणि मुंबईला, नोकरी पुण्याला, मोठी भाषणे कलकत्त्याला आणि वाटाघाटी लंडनला. उभे आयुष्य कागदपत्रे, अंदाजपत्रके आणि समित्यांमध्ये गेलेल्या माणसाची सहल काढायची म्हणजे माणसांना नेऊन दाखवायचे तरी काय? काका हसून म्हणाले, "दाखवायला काही नाही हो, म्हणूनच गुरुजींना बरोबर घेतलेय." त्यांचे हे म्हणणे खरे ठरले, मात्र ते दुपारनंतर. सकाळचा बराच भाग फुकट गेला.

पहिला मुक्काम वेळणेश्वर होता. अनेक गोखले घराण्यांचे हे कुलदैवत आहे एवढाच या जागेचा विषयाशी संबंध, आणि तो दोन वाक्यांत सांगून झाल्यावर तेथे सव्वा तास थांबण्याचे कारण मला समजले नाही. देऊळ सुरेख आहे, समुद्र तर आहेच, पण ते पाहायला येणारी माणसे या सहलीचे बाराशे रुपये मोजत नाहीत. चिपळूणच्या कुटुंबाने छायाचित्रे काढली, आमच्या नातवाने पाय भिजवले आणि गुरुजी नारळाच्या सावलीत घड्याळ पाहत उभे राहिले. हा वेळ पुढे कोठे कमी पडला ते ओघाने येईलच.

कोतळूकला मात्र गुरुजी खुलले. ९ मे १८६६ रोजी गोखल्यांचा जन्म येथे, आजोळी झाला. घर कोणते, खोली कोणती, असल्या चौकशीत त्यांनी वेळ घालवला नाही. रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर आम्हांला बसवून त्यांनी थेट पैशांपासून सुरुवात केली. वडील कृष्णराव कागलच्या जहागिरीत साध्या नोकरीवर होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंद अठरा वर्षांचा, त्याने स्वतःचे शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवत असे. गुरुजींनी नातवाला विचारले, "पंधरातून आठ गेले, राहिले किती?" तो म्हणाला, "सात." "आणि त्या सातांत घर चालायचे," एवढेच बोलून गुरुजी पुढे वळले. शाळेच्या पुस्तकातली, दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या गणिताबद्दल रडणाऱ्या गोपाळची गोष्ट ते आता सांगणार, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी ती सांगितली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

जेवणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण परीक्षणात ते लिहावे लागते. ओल्या काजूची उसळ, कुळथाचे पिठले, भात, सोलकढी आणि गोडाला खांडवी असा बेत होता. काकूंच्या हाताला चव आहे आणि आग्रह करण्याची त्यांची पद्धत जुनी आहे, त्यामुळे दोन वाजता संपायचे जेवण पावणेतीनला संपले. उसळ उत्तम होती. सोलकढी मात्र पाणचट होती.

जेवणानंतर पडवीत जे झाले त्यासाठी ही सहल करावी. गुरुजींनी प्रत्येकाच्या हाती एक पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा दिला. मोठ्या माणसांना ते थोडे चमत्कारिक वाटले. चिपळूणच्या गृहस्थांनी तर पाटी बायकोच्या हाती सरकवली. गुरुजींनी फळ्यावर लिहिले : एक मण मिठावर सरकारी कर अडीच रुपये. एका मणाचे शेर चाळीस. एका रुपयाचे आणे सोळा. तर एका शेराला कर किती? नातवाला आणे ठाऊक नव्हते, पण गुणाकार ठाऊक होता, आणि सर्वांच्या आधी त्यानेच उत्तर काढले : शेराला बरोबर एक आणा. हा कर १८८८ पासून होता आणि तो मिठाच्या किमतीत मुरलेला असल्यामुळे विकत घेणाऱ्याला दिसतही नव्हता. मग गुरुजींनी काकूंना हाक मारून विचारले की, पावसाळ्याच्या बेगमीला, खारातल्या कैऱ्यांना आणि लोणच्याला मिळून तुमच्याकडे मीठ किती लागते. काकूंनी हात पुसत अंदाज सांगितला, तो आम्ही शेरांत बसवला आणि त्याचे आणे केले. जो आकडा आला तो आज क्षुल्लक वाटतो. गुरुजींनी त्याच्या शेजारी गोविंदरावांच्या पगारातून उरलेले सात रुपये लिहिले आणि दोन आकड्यांमध्ये एक रेघ ओढली.

येथून ते २६ मार्च १९०२ च्या भाषणावर आले. मोठ्या कायदेमंडळात, म्हणजे व्हाइसरॉय कर्झन यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत, फिरोजशहा मेहता यांच्या जागी गोखले नुकतेच निवडून गेले होते आणि अंदाजपत्रकावरचे त्यांचे ते पहिलेच भाषण होते. सरकारी तिजोरीत सात कोटी रुपये शिल्लक पडली म्हणून अर्थखात्याचे अभिनंदन चालले होते. पस्तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने उभे राहून सांगितले की, मला या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही. नुकतेच दोन मोठे दुष्काळ होऊन गेले असताना सरकारजवळ एवढा पैसा उरतो तो लोक सुखी आहेत म्हणून नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो म्हणून, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

हे का घडले, ते गुरुजींनी ज्या पद्धतीने समजावले ती पद्धत मी आजवर कोणाकडून ऐकली नव्हती. सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. त्यात पेन्शनी होत्या, कर्जावरचे व्याज होते आणि लष्कराचा खर्च होता. १८८५ नंतरच्या काही वर्षांत रुपया घसरत गेला तसे तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागू लागले आणि ती तूट भरून काढायला कर वाढवले गेले. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर झाला, ती अडचण संपली, पण वाढवलेले कर तसेच राहिले. गुरुजींनी आमच्याकडून पाटीवर एक उदाहरण करून घेतले : रुपया तेरा पेन्सांचा असताना एका पौंडाला, म्हणजे २४० पेन्सांना, किती रुपये लागतील, आणि सोळा पेन्सांचा झाल्यावर किती? पहिले उत्तर साडेअठराच्या आसपास येते, दुसरे नेमके पंधरा. माझ्या बहिणीने पाटी वर करून विचारले, "म्हणजे दर पौंडामागे साडेतीन रुपये सरकारला उरत होते?" गुरुजी म्हणाले, "ताई, हेच तर नामदारांनी सभेत विचारले." अर्थशास्त्राचा पदवीधर असूनही मला ही गोष्ट इतकी लख्ख कधी दिसली नव्हती, हे कबूल करतो.

भाषणाचा परिणाम सांगताना गुरुजींनी संयम पाळला, हेही नोंदवले पाहिजे. मिठावरचा कर १९०३ मध्ये मणाला दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. १९०३ मध्येच प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले, असे त्यांनी म्हटले नाही. वर्षामागून वर्ष एकच मागणी आकड्यांसह मांडत राहणारा माणूस समोर बसलेला असला की सरकारला उत्तर तयार ठेवावे लागते, एवढेच ते म्हणाले. फर्ग्युसन महाविद्यालयातली नोकरी, न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली केलेले सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम आणि १८९७ मध्ये लंडनला, हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष हे सगळे त्यांनी या एका भाषणाची तयारी म्हणून सांगितले. गोखल्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले होते आणि ते अनेक वर्षे चालले, हेही येथेच आले. चरित्र सनावळीप्रमाणे न सांगता एका भाषणाभोवती असे गुंफायला हिंमत लागते.

आता तक्रारी. सहलीबरोबर एक चार पानी माहितीपत्रक मिळते आणि त्यात चुका आहेत. गोखले १८९९ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळावर गेले असे त्यात छापले आहे. त्या वर्षी ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर गेले होते. ही चूक एक वेळ सोडून देता येईल, पण शेवटच्या पानावर प्राथमिक शिक्षणाचा सक्तीचा कायदा त्यांनी १९१२ मध्ये मंजूर करून घेतला असे ठळक अक्षरांत आहे आणि ते खऱ्याच्या अगदी उलट आहे. गोखल्यांनी ते विधेयक १६ मार्च १९११ रोजी मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे, पण तेही सरसकट नव्हे, तर जेथील स्थानिक संस्था तयार असतील आणि जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच, इतकी जपून केलेली ती मागणी होती. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मते पडली तेव्हा ते तेरा विरुद्ध अडतीस अशा फरकाने फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी हीच गोष्ट आपल्या राज्यात करून दाखवली होती, तरी इंग्रज सरकारला पैसा आणि घाई ही दोन कारणे पुरली. आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागेल, अशा आशयाचे गोखल्यांचे जे उद्गार प्रसिद्ध आहेत ते याच प्रसंगाचे. ज्या माणसाने हार डोळ्यांपुढे ठेवून ते विधेयक लढवले, त्याच्या नावावर ते मंजूर झाल्याचे छापणे हा त्याचा गौरव नव्हे. मी ही चूक दाखवली तेव्हा गुरुजींनी खिशातले पेन काढून आपल्या प्रतीवर "मंजूर" हा शब्द खोडला, वर "नामंजूर" लिहिले आणि छपाईपूर्वी आपल्याला मुद्रित दाखवले नव्हते, हे काकांच्या देखत सांगितले. काका ओशाळले, पण त्यांनी हुज्जत घातली नाही.

दुसरी तक्रार वगळलेल्या गोष्टीची आहे. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांच्या वर्तनाविषयी गोखल्यांनी विलायतेत आरोप केले, परत आल्यावर त्यांना त्याचा पुरावा देता आला नाही आणि त्यांनी जाहीर बिनशर्त माफी मागितली. या माफीने त्यांना पुण्यात तोंड दाखवणे कठीण झाले होते. हा प्रसंग सहलीत कोठेही नाही. मी विचारल्यावर गुरुजींनी तो नीट सांगितला. ज्यांनी पत्रे पाठवून माहिती दिली होती ते पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे गोखल्यांनी उघड केली नाहीत, हेही सांगितले. मग मुळातच तो का गाळावा? वेळणेश्वरचा सव्वा तास यासाठी वापरता आला असता.

टिळक आणि गोखले यांच्या वादाची मला धास्ती होती, कारण कोकणातल्या कोणत्याही ओटीवर तो अजून संपलेला नाही. अपेक्षेप्रमाणे चिपळूणच्या गृहस्थांनी सुरतेच्या काँग्रेसमधल्या जहाल-मवाळ फुटीचा विषय काढला आणि "मवाळ म्हणजे नुसते अर्ज करणारे" हे ठेवणीतले वाक्य टाकले. गुरुजींनी उत्तरादाखल फळ्याकडे बोट केले आणि मिठाच्या कराचे गणित पुसायला साफ नकार दिला. त्यांनी एवढेच जोडले की, दोघे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत एकत्र होते, १८९० मध्ये टिळक बाहेर पडले, पुढे जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गोखले गेले तेव्हा स्मशानात टिळकांनीच त्यांना भारताचा हिरा म्हटले. गृहस्थांचे समाधान झाले नाही. ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

शेवटचा टप्पा धोपाव्याच्या धक्क्याचा. दाभोळला जाणारी फेरीबोट येथून सुटते आणि समोर खाडीपलीकडे दाभोळची जुनी मशीद दिसते. येथे का आणले, हे प्रथम कळेना. गुरुजींनी सांगायला सुरुवात केल्यावर मात्र जागेची निवड पटली. या किनाऱ्यावरच्या गावांतून कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी आफ्रिकेला गेले. १९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेत उतरले तेव्हा तेथल्या सभांमध्ये हे लोक आणि मूठभर महाराष्ट्रीय हिंदूही होते. त्यांच्यासाठी तुम्ही मराठीतून बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो, असे गांधीजींनी सुचवले. त्यावर गोखल्यांनी त्यांची चांगलीच फिरकी घेतली. तुमचे हिंदुस्थानी किती पक्के आहे ते मी पाहिलेच आहे, आता एवढे मराठी कोठून शिकलात, असे त्यांच्या थट्टेचे स्वरूप होते आणि ते गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. तरीही गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी भाषांतर केले. मला या दौऱ्याची माहिती होती, पण केपटाउन किंवा जोहान्सबर्गच्या सभेत बसलेला दाभोळकडचा एखादा माणूस आणि त्याच्या कानावर परक्या मुलखात पडलेले मराठी, हे चित्र या धक्क्यावर उभे राहिल्याशिवाय माझ्या मनात आले नव्हते.

येथेही गुरुजींनी पाटी सोडली नाही. करार संपल्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत राहू इच्छिणाऱ्या गिरमिटियाला, म्हणजे करारावर नेलेल्या मजुराला, वर्षाला तीन पौंड कर भरावा लागे. कराराच्या पहिल्या वर्षी मजुराला महिना दहा शिलिंग मिळत. पौंडाचे शिलिंग वीस, तर हा कर किती महिन्यांच्या मजुरीइतका? नातवाने बोटांवर मोजून "सहा" म्हटले आणि मग माझ्याकडे पाहून विचारले, "मामाआजोबा, सहा महिने फुकट काम?" गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला होता, १९१२ मध्ये गिरमिटाची पद्धतच बंद करण्याचा मांडला, आणि तीन पौंडांचा कर १९१४ मध्ये रद्द झाला, हे त्यानंतर आले. पण फेरीबोटीचा भोंगा वाजला, चालकाने घाई केली आणि गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची माहिती जीपमध्ये, अर्धी ऐकू येत, उरकली गेली. गोखल्यांना स्वतःला सर्वांत जवळचे वाटणारे काम अशा रीतीने खड्ड्यांच्या आवाजात सांगितले जाऊ नये.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी काही सूचना. न्याहारी साधीच असते, आंबोळी आणि चटणी, पण पोटभर मिळते. जीप जुनी आहे, कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी पुढची जागा आधीच मागून घ्यावी. आठपेक्षा कमी मंडळी असतील तरी सहल निघते, हे चांगले आहे. लहान मुले अवश्य न्यावीत, पण पाचवीच्या खालच्यांना दुपारचा भाग जड जाईल. पैसे परतीच्या वेळी द्यायचे असतात, आगाऊ मागत नाहीत. वेळणेश्वर वगळून तो वेळ पडवीत द्या, असे मी काकांना स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे असे पडले की, निम्मे लोक समुद्र आहे म्हणूनच नाव नोंदवतात. ते खोटे नसावे.

पंधरा दिवसांनी माझ्या मेहुण्यांसाठी दिवस ठरवायला मी पुन्हा फोन केला, तो काकूंनी घेतला. नवे माहितीपत्रक छापायला अजून सवड झालेली नव्हती. उरलेल्या शंभरेक प्रती गुरुजी रोज संध्याकाळी पडवीत बसून, शेवटच्या पानावर एक एक शब्द खोडून, हाताने दुरुस्त करत आहेत, असे त्यांनी सांगितले.